धामणीला नायटा होतो का ओ?

पाऊस लागला की या सदरात सापांची पत्रं वाढतात. यंदा त्यातली बरीचशी एकाच गोष्टीवर आहेत, म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न : सर, आम्ही खानापूर तालुक्यातले. गोठ्यामागच्या गवताच्या बणवीत तीन वर्षांपासून एक धामण आहे, उंदीर खाते म्हणून आम्ही तिला काही करत नाही. परवा दिसली तर तोंड एका बाजूनं सुजलेलं, नाकावर पिवळट खपली आणि पाठीवर दोन-तीन ठिकाणी खवले तपकिरी होऊन वर आलेत. पुतण्या मोबाईल बघून म्हणतो हा अमेरिकेतला बुरशीचा रोग, आई म्हणते हळद-तेल लावा, शेजारी म्हणतात रोगट आहे तर मारून टाका. कुणाचं ऐकायचं ओ?

उत्तर : शेजाऱ्यांचं तर नकोच. आणि आईंना सांगा, हळदीची वाटी खाली ठेवा.

पुतण्या सांगतो तसा रोग खरंच आहे. त्या बुरशीचं नाव ओफिडिओमायसेस, जीभ वळत नसेल तर सापबुरशी म्हणा. ती केरॅटिन खाते. केरॅटिन म्हणजे आपली नखं, केस, म्हशीचं शिंग, सापाचा खवला, सगळा माल एकच. ती मातीत तग धरून राहते आणि सापाच्या अंगाला कुठं खरचटलं असेल, त्यात वरनं सारखी ओल, की आत शिरते. मग खपल्या येतात, गाठी येतात, खवले पिवळे-तपकिरी पडतात, तोंड सुजतं. तुम्ही लिहिलंय ते वर्णन याच्याशी जुळतंय हे मान्य, पण नुसतं वर्णन जुळलं म्हणून रोग ठरत नाही, त्याकडं येतो.

आधी साप यानं मरतो कसा ते बघा की, कारण मला यातलं सगळ्यात नवल त्याचंच वाटतं. दर वेळी बुरशीच थेट जीव घेते असं नाही. साप आपल्या परीनं औषधपाणी करत असतो आणि ते औषधच त्याला महागात पडतं. पहिला इलाज म्हणजे कात. आजारी साप वरचेवर कात टाकतो, कातीबरोबर थोडी बुरशी निघून जाते, पण दर कातीला ताकद लागते आणि तोंड सुजल्यामुळं खाणं बंद. दुसरा इलाज ऊन. या बुरशीला पंचवीस डिग्रीच्या आसपासची हवा मानवते आणि पस्तीसच्या वर तिची वाढ खुंटते, म्हणून साप अंग तापवायला नको त्या वेळी उघड्यावर येऊन पडतो आणि मग सर्पगरुडाला, कुत्र्याला, ट्रॅक्टरच्या चाकाला आयताच सापडतो.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर भागात टिंबर रॅटलस्नेक नावाच्या विषारी सापांची एक लहानशी वस्ती होती, 2006 च्या सुमारास ती एका वर्षात निम्म्यावर आली आणि सापांच्या अंगावर असेच फोड होते. ते वर्ष जास्त पावसाचं होतं, आणि वस्ती एकटी पडल्यामुळं आपापसातच पैदास होऊन सापांची शक्तीही कमी झालेली. म्हणजे तीन गोष्टी एकदम जुळल्या. मग 2008 मध्ये इलिनॉयमध्ये मॅसासॉगा जातीचे साप तोंड सुजलेले सापडले. ही बुरशीच रोग करते हे नक्की झालं 2015 मध्ये, निरोगी कॉर्न स्नेकच्या कातडीवर मुद्दाम ती लावून बघितली तेव्हा. 2017 मध्ये ब्रिटन आणि चेक देशातल्या रानटी सापांत ती सापडल्याचं छापून आलं, पुढं तैवानमध्येही. तेव्हा ‘अमेरिकेतला रोग’ हे पुतण्याचं म्हणणं तेवढं खोडायला पाहिजे. आता शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की अमेरिकेतच ती बाहेरनं गेली असावी, तीही एकदा नव्हे, अनेकदा, बहुतेक पाळायला नेलेल्या सापांबरोबर.

आता तुमची धामण. खानापूरचा पाऊस म्हणजे ओल काय कमी नाही, पण आपल्याकडचे साप तिकडच्यासारखे चार-पाच महिने थंडीनं गारठून बिळात पडून राहत नाहीत, हा मोठा फरक, म्हणजे बुरशीला तेवढी सवड मिळत नसावी. शिवाय सापाचं कातडं खराब व्हायला आपल्याकडं साधी कारणंच भरपूर आहेत. उसाचं पाचट पेटवल्यावर होरपळलेला साप मी दर वर्षी बघतो. भाजीच्या मळ्यातल्या नायलॉनच्या जाळीत अडकून कापलेला, उंदराच्या चिकट पॅडवर सापडलेला, खवल्यांच्या फटीत गोचीड बसलेला, हे सगळे लांबनं ‘रोगट’च दिसतात. आणि कात टाकायच्या आधी तर अख्खा साप मळका दिसतो, दोन्ही डोळे दुधाळ निळसर होतात, लोक म्हणतात आंधळा झाला, आणि थोड्या दिवसात कात टाकून चकाचक. तुमच्या धामणीची एकच बाजू सुजलीय आणि खपली आहे, म्हणजे कात नव्हे एवढं मी पत्रावरनं सांगतो. पुढचं सांगायला खपलीचा नमुना घेऊन लॅबमध्ये तपासावा लागतो, पीसीआर करून, म्हणजे त्यात बुरशीचा डीएनए आहे का ते बघून.

तर लांबनं दोन-चार फोटो काढा, तारीख-जागा लिहून ठेवा आणि जवळच्या वनखात्याच्या ऑफिसला दाखवा. पकडू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते चालतही नाही. तेल लावलं तर त्यावर माती-कचरा चिकटून जखम आणखी चिघळते, आणि सापाला पापण्या नसतात, हळद-कुंकू डोळ्यावर-नाकपुड्यांत बसलं की तो पुसणार कशानं? (नागपंचमी जवळ आलीय म्हणून हे जरा मोठ्यानं सांगतोय.) मेडिकलमधलं माणसाचं बुरशीचं औषधही नको, ते सापाला सोसेलच असं नाही. बणवीच्या बाजूला उन्हाची कोरडी जागा असू द्या, कुत्रं बांधून ठेवा. मेलीच तर उघड्या हातानं उचलून ओढ्यात फेकू नका, खात्याला कळवा, मेलेल्या सापावरनंही तपासणी होते.

प्रश्न : मी निपाणीकडचा, गावात साप निघाला की पोरं मलाच बोलावतात. एकच हुक आणि एकच पिशवी वापरतो, तीही चार-पाच महिन्यांत धुतली नाही खरं. त्यानं रोग पसरतो काय?

उत्तर : पसरतो की. खरं तर मला या सदरात सगळ्यात जास्त बोलायचंय ते तुमच्याशीच. बुरशीला पाय नसतात, तिला गाडीवरनं लिफ्ट आपण देतो. मी स्वतः वर्षानुवर्षं हेच केलं, सकाळी नाग, दुपारी धामण, संध्याकाळी दिवड, सगळे त्याच पिशवीत, आणि वर अभिमान की बघा एकाच पिशवीत किती जीव वाचवले. आता आठवलं की लाज वाटते.

एका सापाला एक पिशवी. सुती असेल तर घरी आल्यावर उकळा. हुक आणि बरणी आधी मातीचा कण राहणार नाही असं धुवायचं, कारण चिखल असेल तर औषध काम करत नाही, मग एक भाग ब्लीच (बाटलीतलं घरगुती, पावडर नव्हे) आणि नऊ भाग पाणी, त्यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. ब्लीच ॲसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. बूट पण धुवा.

आणि निपाणीचा साप चोर्ला घाटात नेऊन सोडायची फॅशन आलीय ती बंद करा. फोटो भारी येतो, पण सापाला तिथलं बीळ माहीत नाही, पाणी माहीत नाही, आणि त्याच्या अंगावर जे काय असेल ते जंगलातल्या सापांना फुकटात. जिथं सापडला तिथंच जवळपास, वनखात्याला कळवून.

प्रश्न : असल्या आजारी नागाचं विष कमी होतं म्हणतात, खरं काय?

उत्तर : अजिबात नाही. चावला तर 108 ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. मांत्रिक नको, ब्लेड नको, करकचून दोरी नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, साप धरून न्यायची पण गरज नाही.

प्रश्न : सर, बेळगावात आमच्या परसात कात सापडली, मुलानं शाळेत दाखवायला नेली. आठ दिवसांत त्याच्या मानेवर गोल नायटा उठला. सासूबाई म्हणतात सापाचाच. भीती वाटते.

उत्तर : ताई, घाबरू नका. सापबुरशी माणसाला होते असं आढळलेलं नाही. मुलाचा नायटा बहुतेक आपला नेहमीचाच असणार, ट्रायकोफायटन बुरशीचा, जी घरातल्या टॉवेलवरनं, कपड्यांवरनं, वर्गातल्या मित्राकडनं येते. केरॅटिन तीही खाते, म्हणून लांबची पाहुणी म्हणा, पण सापाकडनं आलेली नव्हे. तुमच्या पत्रात मला दुसऱ्याच ओळीची काळजी वाटली, ‘मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिलीय, दोन दिवसात खाज थांबली’. त्या ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. ते स्टेरॉइड आहे, खाज दाबतं आणि खाली नायटा निवांत पसरतो. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत औषधाला दाद न देणारा नायटा वाढलाय त्यात असल्या ट्यूबांचा मोठा हात आहे. कातडीच्या डॉक्टरला दाखवा, औषध सांगितलेत तितके दिवस पुरं करा, मुलाचा टॉवेल वेगळा ठेवा.

कात हाताळल्यावर साबणानं हात धुतले की झालं. पुढच्या वेळी दिसली तर तिथंच राहू द्या, साळुंक्या घरट्यात घालायला नेतात.