जुनं फर्निचर घेताना: खण बाहेर काढा, खुर्ची उलटी करा

प्रश्न: खणांचं एक कपाट पसंत पडलंय. विक्रेता म्हणतो दीडशे वर्षांचं अँटिक आहे, घरच्यांना ते नव्यानंच केलेलं वाटतं. दुकानात उभ्या उभ्या काय तपासावं?

शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू अँटिक, असं सर्वसाधारणपणे धरतात. त्याहून तरुण पण आपल्या काळाची ओळख सांगणारी ती व्हिंटेज. तिला वयाची पक्की रेघ नाही. जुन्या धाटणीची नवी वस्तू ही नक्कल. तीही चांगली असू शकते, फक्त तिला अँटिकची किंमत मोजू नये.

आता वरचा एक खण पूर्ण बाहेर काढा. दर्शनी फळी आणि बाजूची फळी जिथे एकमेकींत अडकतात तिथे डव्हटेल जोड, म्हणजे शेपटीसारख्या पसरट दातांचा जोड असतो. हातानं कापलेले दात सारखे नसतात, एखादा रुंद तर एखादा अरुंद. सुतारानं मापासाठी ओढलेली बारीक रेघही बरेचदा दिसते. सगळे दात एकाच मापाचे असतील तर काम यंत्राचं. असे जोड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुळले. मग खण पालथा घालून तळावर बोटं आडवी फिरवा. हातरंध्यानं साफ केलेल्या फळीवर उथळ लाटा बोटांना लागतात. तळ प्लायवूडचा असेल तर निदान तो तरी विसाव्या शतकातला.

स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. असा एखादा दिसला तर ती नंतरची दुरुस्ती असू शकते. सगळेच तसे असतील आणि जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकंही कुठे नसतील, तर दीडशे वर्षांची गोष्ट विसरा.

सगळ्यात बोलकी असते ती झीज. खण ओढताना त्याचा भार मागच्या टोकावर येतो. त्यामुळे खणाच्या बाजूंच्या खालच्या कडा मागे जास्त झिजतात, आणि कपाटाच्या आतल्या ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्या पुढच्या बाजूला. नक्कल करणारे इतका विचार क्वचितच करतात. ते कडा सगळीकडून सारख्या घासतात, जिथे कुणाचा हात पोचणार नाही तिथेही. पाठीला आणि तळाला एकसारखा तपकिरी रंग फासलेला दिसला तरी सावध व्हा. हवा लागलेला भाग गडद आणि झाकलेला भाग फिका, हा खऱ्या जुन्या लाकडाचा रंग.

कपाट दोन मजली असेल तर वरच्या आणि खालच्या भागाच्या पाठीच्या फळ्या, जोड आणि लाकडाच्या रेषा ताडून बघा. दोन वेगळ्या कपाटांचं लग्न लावून दिलेलं सर्रास आढळतं.

प्रश्न: गोल टेबलाचं वय कसं ओळखावं? त्याला खण नाहीत.

टेप घ्या आणि व्यास दोनदा मोजा, एकदा रेषांच्या दिशेनं, एकदा आडवा. लाकूड रेषांना आडवं आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. त्यामुळे भरीव फळ्यांचं जुनं गोल टेबल काटेकोर गोल राहत नाही, आडवं माप काही मिलिमीटरनं कमी भरतं. प्लायवूडवर व्हेनिअर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा लावलेल्या टेबलाला ही कसोटी लागू नाही.

प्रश्न: सहा जुन्या खुर्च्या मिळतायत, पण चार डुगडुगतात. घ्याव्यात का?

डुगडुगणं हा दोष किरकोळ, तडा हा मोठा. सीटवर गुडघा टेकवून खुर्चीची पाठ पुढे-मागे हलवा आणि नक्की काय हलतंय ते बघा. सांधा उघडझाप करत असेल, पण लाकूड धड असेल, तर फक्त सरस सुकून सुटलेला आहे. मागचा पाय सीटच्या उंचीवर चिरलेला असेल तर ती खुर्ची सोडा. बसणारा मागे रेलला की सगळा जोर तिथेच येतो.

जुन्या खुर्च्या बहुधा जनावराच्या कातडी-हाडांच्या सरसानं जोडलेल्या असतात. गरम पाणी लावलं की तो मऊ होतो, म्हणूनच खुर्ची लाकूड न मोडता खोलता येते. खोलण्याआधी चिकटपट्टी लावून प्रत्येक भागावर क्रमांक घाला. हातानं घडवलेले भाग एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत. जुना सरस गरम पाण्यानं पुसून काढा, खरवडून लाकूड कमी करू नका. भाग पूर्ण वाळू द्या. सांधा सैल झाला असेल तर आत जाणाऱ्या भागाला रंध्याच्या पातळ सालीचा वेढा द्या. नवा सरस साधारण ६० अंश सेल्सिअसला गरम करून लावा. तो फार उकळला तर त्याची पकड जाते. खुर्ची सपाट जागी उभी करून चारही पाय टेकतायत ना हे बघा, मगच क्लँप आवळा आणि २४ तास हात लावू नका.

नेहमीचा पांढरा डिंक जुन्या सरसाच्या थरावर धड धरत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीला सांधा सोडत नाही. खिळा तर मुळीच नको. तो लाकूड फाडतो, सांध्याची ढिलाई तशीच राहते.

प्रश्न: एका पेटीवर टाचणीच्या डोक्याएवढी बारीक भोकं आहेत. कीड जिवंत आहे का?

ही भोकं एक-दोन मिलिमीटरची असतात आणि भुंगेरा बाहेर पडताना ती पाडतो. अळी त्याआधी आत काही वर्षं लाकूड खात असते. म्हणजे भोकांवरून एवढंच कळतं की कीड कधीतरी होती. पेटीखाली काळा कागद अंथरा, पेटीवर टिचक्या मारा आणि कागद तीन-चार आठवडे तसाच ठेवा. त्यावर फिकट रंगाचं ताजं पीठ पडलं तर आत वस्ती आहे. तोवर पेटी इतर फर्निचरपासून लांब ठेवा. जाड सुई दाबून बघा. ती सहज आत गेली तर लाकूड आतून पोकळ झालंय.

लहान वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येते. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत गुंडाळी सोडायची नाही, नाहीतर लाकडावर पाणी धरतं. बोरेटचं, म्हणजे कीड मारणाऱ्या क्षाराचं द्रावण फक्त उघड्या लाकडात मुरतं, पॉलिशवर मारून उपयोग नाही. मोठ्या कपाटाला व्यावसायिक धुरी द्यावी लागते.

भोकांऐवजी पृष्ठभागावर लांब उघडे चर दिसले तर तिथे किडकी फळी पुन्हा कापून वापरली आहे. कीड अशी वरून चर पाडत नाही.

प्रश्न: पॉलिश काळवंडलंय. घासून नवं करावं का?

आधी ते कशाचं आहे ते पाहा. दिसणार नाही अशा जागी कापसाच्या काडीनं स्पिरिट लावा. पंधरा-वीस सेकंदांत चिकट झालं तर ते लाखेच्या चपडीचं पॉलिश आहे. तसं असेल तर पॉलिश पेपरला हात लावू नका. पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाका, घट्ट पिळलेल्या फडक्यानं मळ पुसा आणि लगेच कोरडं करा. चपडीचा नवा पातळ हात जुन्या थरात एकजीव होतो. जुन्या पॉलिशवर चढलेली झाक यायला कित्येक दशकं लागतात आणि जायला दहा मिनिटं. शिवाय तिच्याबरोबर वस्तूची किंमतही जाते.

व्हेनिअर असेल तर जास्तच जपा. हातानं कापलेलं जुनं व्हेनिअर दीड मिलिमीटर किंवा जाडच असतं, यंत्राचं मात्र बरेचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. घासता घासता खालचं लाकूड उघडं पडतं. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नये. आणि लहान मुलाच्या जुन्या पलंगाच्या दांड्यांमधलं अंतर सहा सेंटिमीटरहून जास्त असेल तर त्यात बाळाला निजवू नका.

प्रश्न: वस्तू घरात बसेल का, हे कसं ठरवायचं?

दार, जिना आणि जिन्याचं वळण मोजा, मग कपाट. खुर्चीचं बूड आणि टेबलाची खालची कड यांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर हवं. हँगरला आतून ५५ ते ६० सेंटिमीटर खोली लागते. जुनी कपाटं कित्येकदा उथळ असतात.

प्रश्न: वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीची वेताची जाळी झोळावलीय, खुर्ची हलतेही. काय करावं?

हलण्यासाठी आधी स्क्रू आवळा. वाकवलेल्या लाकडाच्या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या थोनेट कंपनीची १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नटांवर उभी राहते, आणि त्या धाटणीच्या बहुतेक खुर्च्यांत सरसापेक्षा स्क्रूच भार धरतात. जाळीची वीण तुटलेली नसेल तर खुर्ची उलटी करा आणि कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं जाळीच्या खालच्या बाजूनं अर्धा तास ठेवा. वरच्या चकचकीत बाजूनं पाणी आत शिरत नाही. मग सावलीत रात्रभर वाळू द्या. वेत वाळताना ताणला जातो. जाळी पुरती कोरडी होईपर्यंत तिच्यावर कुणी बसू नये.