ट्रेलरवरची गाडी, ढिला पडलेला पट्टा आणि एक तोंडी नकार

लातूरच्या भाऊंची पोस्ट सकाळी वाचली आणि चहा तसाच राहिला. पुण्यात पोर्शची बॉक्स्टर (दोन सीटची स्पोर्ट्स कार) घेतली आहे, वर्षभर उभी असल्याने सुरू होत नाही, मित्राच्या स्कॉर्पिओमागे ट्रेलर लावून टेंभुर्णी-बार्शीमार्गे घरी आणायची आहे. "हुक खाली चॅसीला लावून चार पट्टे घट्ट आवळले की पुरे ना?" असा त्यांचा प्रश्न.

नाही, पुरे नाही. सहा वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं. गाडी त्याच पिढीची, सोलापूरहून जालन्याला आणत होतो, पुढे मेहुण्याची पिकअप. म्हणून लांबण लावतोय, कंटाळा आला तर पुढच्या उत्तराकडे जा.

कपलर (ट्रेलर पुढच्या गाडीला जोडणारा सांधा) नीट बसला का, सेफ्टी चेन, मागचे दिवे, टायरची हवा, ट्रेलरची नोंदणी हे सांगत बसत नाही. ट्रेलर ओढायचं डोक्यात आलं म्हणजे एवढं माहीत असणारच. फक्त एक. कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. आमच्या जालन्यात लोखंडाला तोटा नाही, कुठलाही मिस्त्री अँगल-चॅनल जोडून आठवड्यात ट्रेलर उभा करून देतो. पण त्याला नंबर नसेल तर पुढचं सगळं रामभरोसे.

आता पट्ट्यांचं. आम्ही सोलापुरात गाडी चढवली, हुक खालच्या सांगाड्याच्या, म्हणजे चॅसीच्या भोकांत अडकवले आणि गाडी दोन बोटं खाली बसेपर्यंत रॅचेट (पट्टा ताणायची दातेरी मूठ) आवळले. पट्टा टिचकी मारली तर तंबोऱ्यासारखा वाजत होता. मिस्त्री म्हणाला, "आता भूकंप आला तरी हलत नाही." मलाही तेच वाटलं.

चूक तिथेच होती. असं बांधलं की गाडी तिच्या स्वतःच्या स्प्रिंगवर तोललेली राहते. ट्रेलर खड्ड्यात आदळला की सांगाडा आणखी खाली दबतो आणि त्या क्षणाला पट्टा सैल पडतो. सैल पट्ट्यातला हुक, त्याच्या तोंडाला खिट्टी नसेल तर, भोकातून सुटायला एक झटका पुरतो. आणि आपल्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर तिच्यासोबत वरखाली होतं. खड्डे बुजवता येतात, पण त्या लाटांचं काय करणार? लाटांवरून ट्रेलर नावेसारखा डुलतो आणि प्रत्येक डुलण्याला वरची गाडी खालीवर होते.

तुळजापूर, येरमाळा, चौसाळा, बीड, चौपदरी रस्त्याने काही झालं नाही. मांजरसुंब्याच्या घाटातही नाही. दर तासाला थांबून मी पट्टे तपासत होतो, म्हणजे शहाणपणा नव्हता असं नाही. चौसाळ्याला चहाला थांबलो तर गाडीभोवती पंचवीस माणसं. "किती देती?" "बिघडली का?" "ह्याच्यात मागं कोण बसतं?" एक पोरगं तर सेल्फीसाठी ट्रेलरच्या मडगार्डवर चढलं. (थांबलात की एक माणूस ट्रेलरपाशी ठेवाच. रॅचेटची मूठ उघडून बघायची हौस लोकांना फार.)

शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ शेवटचा थांबा. तिथे मागचा डावा पट्टा हाताला किंचित नरम लागला. तंबोरा वाजला नाही. पाऊस भुरभुरत होता, रॅचेट चिखलाने माखलेलं, मेहुण्याला रात्री लग्नाला जायचं होतं. मी म्हणालो, "राहू दे, आता पन्नासेक किलोमीटर तर राहिलं." वडीगोद्रीहून अंबडच्या रस्त्याला लागलो. साताठ किलोमीटर गेलो असू. समोर उसाची रिकामी ट्रॉली अचानक वळली, मेहुण्याने ब्रेक दाबला आणि मागून असा आवाज आला की कुणी पत्र्याच्या पेटीवर हातोडा घातला.

मागचा डावा हुक केव्हाच पडलेला होता. उजव्या पट्ट्याने धरून ठेवलं म्हणून गाडी सरळ न येता डाव्या अंगाने पुढे सरकली. गिअर टाकलेला, हँडब्रेक ओढलेला, पण ओल्या चेकर पत्र्यावर टायर काय धरणार? बंपरचा डावा कोपरा विंचच्या (गाडी वर ओढायच्या रहाटाच्या) खांबावर आदळला. या गाड्यांचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत, जमिनीलगत असतात. गुलाबी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ट्रेलरवरून थेंब थेंब रस्त्यावर गळत होतं आणि आम्ही दोघं टॉर्च धरून नुसते बघत होतो. मेहुणा लग्नाला पोचला नाही, तो राग अजून आहे.

युरोपात माल बांधताना हिशोब असा धरतात की ब्रेक लागल्यावर मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढच्या दिशेने येतो, बाजूला आणि मागे ५० टक्के. तेराशे-साडेतेराशे किलोच्या गाडीला म्हणजे हजार किलोच्या वर, आणि तो सगळा मागच्या दोन पट्ट्यांनी पेलायचा. म्हणून मागचे पट्टे जास्त महत्त्वाचे. बहुतेक लोक पुढचे प्रेमाने बांधतात आणि मागचे उरकतात.

माझं मत आता ठाम आहे: टायर बांधा, गाडी बांधू नका. टायरवरून जाणारे पट्टे मिळतात, रबरी ठोकळे असलेले. चार चाकांना चार वेगळे, एकच लांब पट्टा दोन चाकांना फिरवून नाही. चाकं ट्रेलरला जखडली की वरची गाडी तिच्या स्प्रिंगवर हवी तशी डोलू दे, पट्ट्याचा ताण बदलत नाही. सस्पेन्शनच्या आर्मला (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याला) हुक लावा असं खाली एका सदस्याने लिहिलंय. काही गाड्यांना चालत असेल, पण या गाडीचे आर्म ॲल्युमिनियमचे आहेत आणि स्टीअरिंगचा रॉड त्यांच्याच शेजारी असतो. अंधारात, झोपून, चिखलात कोण ओळखणार कुठला कुठला? अलॉय चाकाच्या आऱ्यांतून पट्टा ओवणाऱ्यांना तर मी काहीच म्हणत नाही.

पट्टा ५० मिलिमीटरचा, पॉलिस्टरचा घ्या. नायलॉन ओला झाला की ताणतो. त्यावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात असतो तो तुटण्याचा भार, वापरायचा भार त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच धरा. लेबल फाटलेला पट्टा शेतात वापरा. रॅचेटच्या दांड्यावर पट्ट्याचे दोन-अडीच फेरे आले पाहिजेत, एकाच फेऱ्यावर तो घसरतो. धारदार कडेवरून जात असेल तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. आणि निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून परत आवळा, मग दर तासाला, मग मुख्य रस्ता सोडून आतल्या रस्त्याला लागण्याआधी. हे शेवटचं माझं स्वतःचं आहे, कुठल्या पुस्तकात नाही.

गाडी ट्रेलरवर कुठे उभी करायची? शेतकऱ्याच्या घरातले असाल तर लगेच कळेल. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. ट्रेलरचंही तेच. मागे वजन गेलं की कपलर वर ओढला जातो आणि साठच्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार कपलरवर हवा. ट्रेलर आणि गाडी मिळून दोन टन धरले तर दोनशे ते तीनशे किलो. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे आहे, म्हणून ट्रेलरवर मधोमध दिसणारी गाडी वजनाने मधोमध नसते, थोडी पुढे घ्यावी लागते. मोजायचं असेल तर जिनिंगच्या नाहीतर आडतीच्या वजनकाट्यावर जा: एकदा भरलेला ट्रेलर सोडवून पूर्ण काट्यावर, मग स्कॉर्पिओला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. फरक निघेल तो कपलरवरचा भार. स्कॉर्पिओला किती ओढायची परवानगी आहे आणि हुकवर किती चालतं ते तिच्या पुस्तकात बघा, मित्राला विचारू नका. मित्र "काय होत नाही" म्हणणारच. ट्रेलर डोलायला लागलाच तर ब्रेक मारू नका, वेग वाढवू नका, स्टीअरिंग सरळ धरून पाय हळूच उचला.

चढवताना नाक घासतं. ट्रेलरच्या रॅम्पखाली सेंट्रिंगच्या फळ्या एकावर एक ठेवून उतार लांबवा. त्याआधी बॅटरीचं बघा, कारण या गाडीत एक गंमत आहे. ओढायचा टो-हुक पुढच्या डिकीतल्या टूलकिटमध्ये, डिकी उघडते विजेवर, आणि बॅटरी त्याच डिकीत! बॅटरी उतरली की तिन्ही बंद. पायाजवळच्या फ्यूजबॉक्समधून प्लसचा पिन बाहेर ओढून तिथे बाहेरून करंट द्यायचा, मग डिकी उघडते. टो-हुकचे आटे उलटे आहेत, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरवला की बसतो. आमच्या मिस्त्रीने सरळ फिरवून अर्धा तास घालवला. आणि गाडीवर ताडपत्री, कव्हर काही घालू नका, वाऱ्याने फडफडून रंग पॉलिश पेपरने घासल्यासारखा होतो.

आता ज्याचा जास्त मनस्ताप झाला ते. नुकसान रस्त्यावर झालं, पण मला बुडवलं एका विमा कार्यालयाने. नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, खिडकीवरच्या साहेबांनी एकच विचारलं, "गाडी चालू होती का?" म्हणालो नाही, ट्रेलरवर होती. "मग अपघात कसला? ट्रेलरवाल्याकडून घ्या." झालं. ना अर्ज घेतला, ना नंबर दिला. मी पडलो सरळ माणूस, मान हलवून घरी आलो आणि खिशातून पैसे घालून पुण्यात दुरुस्ती करून घेतली. एक लाख चौऱ्याऐंशी हजार.

अडीच महिन्यांनी एका वकील मित्राने पॉलिसी हातात घेतली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत ज्या कारणांनी झालेलं नुकसान भरून मिळतं, त्या यादीत रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट, विमान यांतून गाडी नेत असताना झालेलं नुकसान स्पष्ट लिहिलेलं आहे. होडीतून नेली तरी चालतं, आणि आमचे साहेब ट्रेलर चालत नाही म्हणाले! परत गेलो तर नवं उत्तर: "उशिरा कळवलं. गाडी दुरुस्त झाली, आता सर्व्हे कशाचा करायचा?" तेही बरोबरच होतं. बिलं होती, पण तुटलेल्या भागांचा फोटो एक, तोही अंधारातला. गाडी कशी बांधली होती याचा फोटो एकही नाही.

मग लेखी तक्रार, महिनाभर वाट, नंतर पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही, हे फार लोकांना माहीत नाही. शेवटी तडजोडीत एकसष्ट हजार आले. प्लास्टिकच्या भागांवर पॉलिसी निम्मी घसाऱ्यात कापते, बंपर प्लास्टिकचा. उरलेलं माझ्या मुकाट मान हलवण्याचं.

तेव्हा नकार तोंडी ऐकून परत येऊ नका. "हे मला लिहून द्या" एवढं म्हणा, साहेबांची भाषा बदलते. नाही दिलं तर तिथेच खिडकीसमोर उभं राहून कंपनीला ईमेल टाका. मी वकील नाही, एजंटही नाही. तुमची पॉलिसी वेगळी असू शकते, स्वतः वाचा. तुमच्या बाबतीत आणखी एक मेख आहे: गाडी नुकतीच घेतली आहे. आरसी तुमच्या नावावर झाली पण पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो. आधी ते बदलून घ्या, मग पट्टे घ्या. आणि निघण्याआधी चारही पट्ट्यांचे, हुकांचे, ट्रेलरच्या नंबरचे फोटो काढा. दर थांब्यावर पुन्हा.

खरं विचाराल तर माझं मत असं की ट्रेलरचा नाद सोडा, हायड्रॉलिक फ्लॅटबेड (अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक) भाड्याने करा. उतार कमी, विंच त्याचाच, चालकाला रोजची सवय. तरी टायरचे पट्टे आहेत का ते आधी विचारा. बरेच जण साखळ्या घेऊन येतात.

आणि ट्रेलरच करायचा असेल तर माझे चार टायरचे पट्टे इथे जालन्यात पडून आहेत. लातूरहून कुणी बी-बियाण्याच्या नाहीतर सळईच्या कामाने येत असेल तर निरोप टाका, देऊन ठेवतो. परत करताना रॅचेटला तेवढं तेल मारून द्या.