संध्याकाळी सातला नेट का मंदावतं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : घर आणि दुकान एकाच इमारतीत आहे. १०० एमबीपीएसचा 'अनलिमिटेड' फायबर प्लॅन आहे. बिलाचा महिना एक तारखेला सुरू होतो, आणि २४ तारीख उजाडली की नेट पार झोपतं, साधा फोटो उघडायला मिनिट लागतं. कंपनीचा माणूस म्हणतो, ३३०० जीबीचा कोटा संपला. घरात माणसं पाच, टीव्ही रोज चार तास, दुकानात चार कॅमेरे क्लाउडला जोडलेले. एवढा डेटा जातो कुठे?
(सराफ, जळगाव)

उत्तर : कॅमेऱ्यांत. २ एमबीपीएसने सतत चित्र पाठवणारा एक कॅमेरा तासाला ९०० एमबी, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी खातो. चारांचे झाले ८६.४. टीव्हीवर फोर-के चित्र असेल तर तासाला ७ जीबीपर्यंत जातात, चार तासांचे २८. पाच मोबाइलचे मिळून २५ धरा. दिवसाची बेरीज १३९ जीबीच्या पुढे गेली. ३३०० ला तिने भागलं की चोविसाव्या दिवशी कोटा संपतो. मीटर बरोबर आहे. बहुतेक प्लॅनमध्ये उतरणारा आणि चढणारा असा दोन्ही डेटा मोजतात. कॅमेरा चित्र वर चढवत असतो, आपण स्वतः काही बघत नसतो, म्हणून हा खर्च कुणाच्या ध्यानात येत नाही. खात्री हवी असेल तर एक दिवस कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडऐवजी कार्डवर घ्या आणि कंपनीच्या अॅपमध्ये त्या दिवसाचा आकडा बघा.

सतत चालणारं रेकॉर्डिंग दुकानातच एनव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र डिस्कवर साठवणाऱ्या पेटीवर, घ्या. १ टीबीच्या डिस्कवर तुमच्या चार कॅमेऱ्यांचे साधारण ११ दिवस मावतात. तो एनव्हीआर काउंटरखाली ठेवू नका, चोर आधी तोच उचलतो. वरच्या मजल्यावर कुलपात ठेवा. क्लाउडवर फक्त हालचाल टिपलेल्या क्लिप जाऊ द्या, आणि हालचाल टिपण्याचा चौकोन आखताना दारासमोरचा रस्ता वगळा. नाहीतर दिवसभराच्या वर्दळीने कॅमेरा पुन्हा अखंड चालू राहील. कॅमेऱ्यात चित्र दाबून लहान करणाऱ्या एच.२६५ चा पर्याय असेल तर तो निवडा. त्याच चित्राला एच.२६४ च्या जवळपास निम्मा डेटा लागतो. एवढं केलंत तर दिवसाची बेरीज ६०-६५ जीबीवर येईल, आणि टीव्हीचे तास कमी करायची गरज पडणार नाही.

राहिला 'अनलिमिटेड' हा शब्द. मर्यादा आहे तर ती ठळकपणे सांगितलीच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये कंपन्यांना तसं बजावलंही आहे: मर्यादा किती आणि ती संपल्यावर स्पीड किती, हे स्पष्ट सांगायचं. घरच्या वायर-फायबर ब्रॉडबँडचा स्पीड मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली आणायचा नाही. वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोहोचला की एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं. तुम्हाला असे संदेश येत नसतील तर कंपनीकडे नोंदलेला मोबाइल नंबर तपासा. कित्येकदा तिथे कनेक्शन जोडणाऱ्या पोराचाच नंबर पडलेला असतो. नंबर बरोबर असूनही संदेश येत नसतील तर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा, त्याला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेत ६० मुलं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. १०० एमबीपीएसची लाइन आणि एक राउटर आहे. संध्याकाळी सात ते नऊ व्हिडिओची चकरी फिरत राहते. तीन-चार मुलं सारखं डाउनलोड करतात म्हणून प्रत्येकाला रोज १ जीबीची मर्यादा घातली, तरी फरक नाही. त्या मुलांचं नेट बंद करावं का?
(अभ्यासिका चालक, अमळनेर)

उत्तर : बंद करू नका, आणि १ जीबीची मर्यादाही काढून टाका. आपल्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धत, म्हणजे शेताचं पाणी वाटून घेण्याची गावाची रीत, पिढ्यान्‌पिढ्या चालली. फडाचा बंधारा पाणी साठवत नाही, वाहतं पाणी पाटात वळवतो. पाणी कमी असलं की पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी पाळी लावतो, कुणी वर्षभरात एकूण किती पाणी घेतलं याचा हिशेब मागत नाही. तुमची लाइन त्या बंधाऱ्यासारखी आहे. दुपारी दोनला न वापरलेलं नेट संध्याकाळी सातला कामी येत नाही, ते वाहून गेलेलं असतं. दुपारी लाइन रिकामी असताना ज्या मुलाने ५ जीबी उतरवले त्याने कुणाचंच काही घेतलं नाही, आणि सातला सगळ्यांच्या खात्यात कोटा शिल्लक असतो तेव्हा तुमची मर्यादा कुणालाच अडवत नाही. मर्यादा दिवसाला आहे आणि टंचाई तासाला, म्हणून फरक पडला नाही.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा. संध्याकाळी सातला वायफाय बंद करून एकच लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि स्पीड मोजा. तेव्हाही ३०-४० एमबीपीएसच मिळत असतील तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. जीपॉन फायबरवर, म्हणजे एक तार अनेक घरांत वाटणाऱ्या फायबरवर, २.४८८ जीबीपीएस ३२ किंवा ६४ जोडण्यांत वाटले जातात. त्यावर तुमच्या राउटरमध्ये इलाज नाही, तारीख-वेळेसह आठवडाभराचे आकडे घेऊन तक्रार करा. केबलवर ९५ मिळाले तर दोष अभ्यासिकेच्या आतला आहे. मग मुलं असताना सातलाच लॅपटॉपवरून पिंग लावा, म्हणजे संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते बघा. सकाळी २० मिलिसेकंद येणारा आकडा ३०० च्या वर गेला तर राउटरसमोर रांग साचते आहे. एकाचं मोठं डाउनलोड पुढे, बाकीच्यांची छोटी छोटी मागणी मागे.

रांग सोडवायला 'एसक्यूएम' ही सोय असलेला राउटर लागतो. ओपन-डब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ती वेगळी बसवता येते, मायक्रोटिक कंपनीच्या राउटर-प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत 'केक' नावाने आहे. सेटिंगमध्ये चार गोष्टी करा. बाहेर जाणारा इंटरफेस निवडा. लाइन पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडणारी) असेल तर पीपीपीओईचाच इंटरफेस, खालचा पोर्ट नव्हे. डाउनलोड आणि अपलोड मोजलेल्या स्पीडच्या ९० ते ९५ टक्के लिहा, तुमच्यासाठी ९० एमबीपीएस. रांगेचा प्रकार 'केक' ठेवा. 'नॅट' आणि 'ड्युअल-होस्ट' हे पर्याय चालू करा, म्हणजे वाटा प्रत्येक डाउनलोडमागे न पडता प्रत्येक मोबाइलमागे समान पडेल. हे पर्याय विसरले तर दहा डाउनलोड एकदम लावणारा मुलगा दहा वाटे घेऊन जातो. हार्डवेअर ऑफलोडिंग बंद करा, ते चालू असेल तर एसक्यूएमला वगळून डेटा निघून जातो. या कामाला राउटरचा प्रोसेसर लागतो, जुना एका कोअरचा स्वस्त राउटर १०० एमबीपीएसला दमतो. ४० मुलं एकाच वेळी व्हिडिओ लावतील तेव्हा प्रत्येकाला सव्वादोन एमबीपीएस मिळतील. ४८०पी लेक्चरला तेवढे पुरतात. तीनच मुलं असतील तर प्रत्येकाला तीस.

वायफायची हवा हाही एक पाट आहे, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एका वेळी त्यात एकच उपकरण बोलतं. भिंतीपलीकडे कोपऱ्यात बसलेल्या मुलाचा फोन ६ एमबीपीएसनेच बोलत असेल तर १ एमबी उतरवायला तो सव्वा सेकंदाहून जास्त हवा अडवतो, जवळचा फोन तेच काम सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात उरकतो. म्हणजे खरा 'हेवी यूजर' कदाचित तो कोपऱ्यातला, दिवसाला जेमतेम ३०० एमबी वापरणारा मुलगा आहे, आणि दोष त्याचा नाही, जागेचा आहे. एकाऐवजी तीन अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी यंत्रं, लावा, तिन्ही केबलने जोडलेले. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ आणि ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. शक्य तेवढे फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने दर बंद करा.

आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि बालभारतीची पीडीएफ पुस्तकं साठ जणांनी साठ वेळा उतरवायची गरज नाही. जुन्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर आतल्या नेटवर्कला उघडं ठेवा.

प्रश्न : ग्रामपंचायतीत फायबर आलं आहे. तीन किलोमीटरवर सातपुड्याच्या पायथ्याला आमचा पाडा आहे, ४० घरं, मोबाइलला रेंज नाही. मध्ये केळीचे मळे आणि पुढे सागाची झाडं. वायरलेसने नेट नेता येईल का? सामान काय लागेल?
(शिक्षक, यावल तालुका)

उत्तर : नेता येईल, आणि तीन किलोमीटर हे अंतर या कामासाठी मोठं नाही. कॅटलोनियाच्या खेड्यांत गुईफी-नेट हे लोकांनी उभारलेलं जाळं २००४ पासून चालू आहे, आणि आपल्याच पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने गावं वायरलेसने जोडून दाखवली आहेत.

परवान्याचं आधी सांगतो. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झचे पट्टे बाहेरच्या वापरालाही परवानामुक्त झाले. तुम्ही ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमधले चॅनल घ्या. तिथे अँटेनासह एकूण पॉवर ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे पॉवरचं माप) चालते. डिश २३ डीबीआयची असेल (डीबीआय म्हणजे झोत एकवटण्याचं माप) तर रेडिओची, म्हणजे डिशला जोडलेल्या वायरलेस यंत्राची, पॉवर १३ डीबीएमवर ठेवायची. रेडिओच्या सेटिंगमध्ये देश 'इंडिया' निवडा, पॉवर वाढवून बघण्याचा मोह टाळा.

आता दोन डिशमधली रेषा. समोरची डिश डोळ्याला नुसती दिसणं पुरत नाही, रेषेभोवती मोकळी जागाही लागते. ५.८ गिगाहर्ट्झला ३ किलोमीटरच्या मध्यावर त्या मोकळ्या जागेची त्रिज्या ६.२ मीटर भरते, निदान तिचे ६० टक्के, पावणेचार मीटर, रिकामे हवेत. खाली तीन मीटरची केळी धरली तर मध्यावर रेषा जमिनीपासून सात मीटर वर पाहिजे. केळीचं फारसं भय नाही, खरा घात साग करतो. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, त्यामुळे शिमग्याला जोडलेली लिंक उत्तम चालते आणि आषाढात पानं आली की मरते. पानातलं पाणी ही लहर शोषून घेतं. लोक म्हणतात पावसाने लिंक गेली, पण ३ किलोमीटरवर ५.८ गिगाहर्ट्झला पावसाचा त्रास नगण्य असतो. दोष ओल्या पानांचा, केबलच्या तोंडात शिरलेल्या पाण्याचा किंवा वाऱ्याने फिरलेल्या पाइपाचा असतो. म्हणून जागा श्रावण-भाद्रपदात बघा. उन्हात एकाने गावच्या पाण्याच्या टाकीवरून आरसा चमकवायचा, दुसऱ्याने पाड्यावरून बघायचं. मध्ये पान आलं तर जागा बदला किंवा उंची वाढवा, झाड तोडू नका.

सामान : २३ डीबीआयच्या डिशसह ५ गिगाहर्ट्झचे दोन रेडिओ (ईटीए, म्हणजे उपकरणाची सरकारी मंजुरी असलेले), दोन इंची जीआय पाइप, काळ्या आवरणाची बाहेर वापरायची शुद्ध तांब्याची कॅट-६ केबल, दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर, आणि आर्थिंग. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण लांब अंतरावर रेडिओला पुरता व्होल्टेज पोहोचत नाही आणि तो रात्रीतून दहादा रीस्टार्ट होतो. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोल द्या, पाणी तिथून टपकेल. पाइप धाब्याच्या घरावर उभा करू नका. मातीचं छत हलतं, ताणाच्या खुंट्या पहिल्याच पावसात सैल होतात. शाळेची पक्की भिंत किंवा पाण्याची टाकी बघा, आणि पाइपाला तीन बाजूंनी तारेचे ताण द्या. केबलमधूनच रेडिओला वीज देणारा पीओई अडॅप्टर पत्र्याच्या पेटीत उन्हात ठेवला तर आपल्याकडच्या ४५ अंशांत टिकत नाही. तो घरात, सावलीत ठेवा.

डिश जुळवताना घाई करू नका. तिचा झोत जेमतेम ८-१० अंशांचा असतो, आणि बाजूलाही कमजोर झोत असतात. आधी आडवी फिरवा, सिग्नल सर्वांत वर जाऊन दोन्हीकडे पडतो आहे हे बघा, मग उभी. हिशेबाने तुम्हाला उणे ५८ डीबीएमच्या आसपास मिळायला हवेत. उणे ६५ पर्यंत ठीक. उणे ७८ वर अडलात तर डिश बाजूच्या झोतावर जुळली आहे किंवा मध्ये झाड आहे.

वीज गेल्यावर रेडिओ, राउटर आणि ओएनटी (फायबरचं मोडेम) मिळून २५ वॉट धरा. आठ तासांचे २०० वॉट-तास होतात. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरू द्यायची नसते, म्हणून दुप्पट, ४०० वॉट-तास, आणि वर थोडी शिल्लक धरून १२ व्होल्ट ४२ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. दोन्ही टोकांना बॅटरी लागेल, एकच ठेवली तर उपयोग नाही. पाड्यावर एका अॅक्सेस पॉइंटवर २०-२५ पेक्षा जास्त घरं टाकू नका, दोन लावा, आणि वर सांगितलेलं एसक्यूएम पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. फडाला पाटकरी आणि जागल्या होते, त्यांना गाव धान्य देई. तुमच्याकडेही पाइपावर चढणारा, ताण आवळणारा, बॅटरी बघणारा एक माणूस ठरवा आणि त्याला दरमहा मोबदला द्या. फुकटच्या सेवेवर टाकलेली जाळी दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडतात.

प्रश्न : किराणा दुकानातून पाच-दहा रुपयांत वायफाय विकलं तर चालेल का?
(दुकानदार, शिरपूर)

उत्तर : घरच्या प्लॅनचा पासवर्ड विकून नाही. त्या वापराला तुम्हीच जबाबदार ठरता, आणि बहुतेक कंपन्यांच्या करारात पुनर्विक्रीला मनाई असते. सरळ मार्ग पीएम-वाणी या सार्वजनिक वायफाय योजनेचा आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तो मंजूर केला. दुकानदार पीडीओ, म्हणजे वायफाय विकणारं छोटं केंद्र, होतो, त्याला परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. नोंदणी असते ती पीडीओएची, म्हणजे अनेक पीडीओंना एकत्र चालवणाऱ्या ज्या कंपनीशी तुम्ही जोडले जाता तिची. गिऱ्हाइकाची ओळख अॅपमधून होते. जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवून दिलं की २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर प्लॅनला पीडीओकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही. कंपनी महागडी लीज्ड लाइन (फक्त तुमच्यासाठी राखलेली लाइन) गळ्यात मारत असेल तर हा नियम दाखवा.

प्रश्न : मोठ्या घरात एकापुढे एक असे तीन रिपीटर लावले. शेवटच्या खोलीत १०० पैकी ८-१० एमबीपीएसच येतात. रिपीटर खराब आहे का?
(वाचक, नंदुरबार)

उत्तर : नाही. एका रेडिओचा रिपीटर त्याच चॅनलवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला स्पीड निम्मा होतो : ५०, २५, १२. मधले दोन काढा, पहिल्या राउटरपासून शेवटच्या खोलीपर्यंत एक केबल ओढा आणि तिथला रिपीटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका.