हॅलोवीनला मराठीत ‘पितृपक्ष’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की हॅलोवीनला कुणी ‘भुतांचा सण’ म्हणतं, कुणी ‘गोऱ्यांचा पितृपक्ष’ म्हणतं, तर यातलं बरोबर कुठलं. माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत, हॅलोवीनला सरळ हॅलोवीन म्हणा.

शब्दाची फोड केली की लगेच कळतं. यातल्या ‘हॅलो’चा फोनवरच्या हॅलोशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत संताला, पवित्र माणसाला असलेला शब्द आहे तो, आणि शेवटचं ‘ईन’ म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस असतो, त्याची ही पूर्वसंध्या, बस. शब्दात भूत कुठेच नाही. भुतंखेतं आली ती आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या समजुतींमधून, हिवाळा सुरू होताना त्या रात्री परलोकाची वाट उघडते असं मानायचे, सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, पुढे ही माणसं अमेरिकेत गेली आणि सलगमाच्या जागी भोपळा आला.

आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढायचा दिवस खरं म्हणजे २ नोव्हेंबर, ख्रिस्ती लोकांचा ‘सर्व मृतात्म्यांचा दिवस’. वसईत, गोव्यात त्या दिवशी लोक दफनभूमीत जाऊन कबरी स्वच्छ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. पितृपक्षाशी तुलना करायचीच असेल तर या दिवसाची करा. दोन्हीकडे ‘सर्व’ आहे हे मला फार आवडतं, तिकडे सर्व मृतात्मे, इकडे सर्वपित्री, म्हणजे ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं करायला कुणी उरलं नाही ते पण त्यात आले.

आणि ‘भुतांचा सण’ का नको, तर आपल्याकडे भूत आणि पितर एक नाहीत. पितर म्हणजे ज्याचं सगळं रीतसर झालं, जो पोचला. भूत म्हणजे ज्याची इच्छा राहिली, जो अडकला. म्हाळ घालतो तो पितरांना, कावळ्याला पान ठेवतो ते पितरांसाठी, त्यात भीती नसते, कावळा शिवला की घरातल्यांना बरं वाटतं. मेक्सिकोत २ नोव्हेंबरच्या सुमारास घरोघरी गेलेल्यांचे फोटो मांडून झेंडूच्या फुलांची आरास करतात आणि त्यांच्या आवडीचं खायला ठेवतात, त्यालाही भुतांचा सण म्हणू नये, ‘मृतांचा दिवस’ हे सरळ नाव आहे तेच बरं.

पितृपक्षाचं खरंखुरं सख्खं भावंड बघायचं तर कंबोडियात जावं लागेल. तिथल्या सणाचं नाव ‘प्चुम बेन’. प्चुम म्हणजे जमणं, गोळा होणं, आणि बेन म्हणजे चक्क आपलं पिंड! ख्मेर लिपीत लिहिताना अक्षरं ‘पिण्ड’ अशीच आहेत, फक्त उच्चार बेन होतो. महिन्याचं नाव पण ‘भाद्रपद’वरूनच आलेलं आणि पंधरवडा वद्यच. २०२४ मध्ये आपली सर्वपित्री २ ऑक्टोबरला होती आणि तिथे १ ते ३ ऑक्टोबर प्चुम बेनची सुट्टी होती. पहाटे उजाडायच्या आत लोक विहारात जातात आणि भाताचे, बहुधा तीळ घातलेले, गोळे अंधारात विहाराभोवती टाकतात, कारण भुकेल्या आत्म्यांना उजेड सोसत नाही अशी समजूत. पूर्वज सात विहार हिंडून आपल्या घरच्यांनी काही ठेवलंय का ते बघतात असंही मानतात, त्यामुळे काही घरं खरोखर सात ठिकाणी जाऊन येतात. बौद्ध वळण घेतलेलं आहे पण पिंड तोच, पक्ष तोच, म्हणून प्चुम बेनबद्दल लिहिताना ‘कंबोडियाचा पितृपक्ष’ खुशाल लिहा.

फक्त एका शब्दाला जपा. त्या भुकेल्या आत्म्यांना ख्मेरमध्ये ‘प्रेत’ म्हणतात, संस्कृत-पालीतला जुना अर्थ तिथे टिकलाय, म्हणजे गेलेला पण अजून न पोचलेला जीव. मराठीत प्रेत म्हटलं की मढं डोळ्यासमोर येतं, जुना अर्थ ‘भूतप्रेत’ अशा जोडशब्दात तेवढा उरलाय. त्यामुळे ‘प्रेतांना भात वाढतात’ असं लिहिलंत तर वाचणारा दचकेल, तिथे ‘भुकेले आत्मे’ लिहा.