माझ्याकडे दहा महिन्यांची कारवानी जातीची कुत्री आहे, पिल्लं काढायची आहेत आणि पळण्याच्या खेळातही उतरवायचीय, सुरुवात कुठून करू?

आधी पळवा, पिल्लांचं नंतर बघू. तुमची मादी अजून स्वतःच पिल्लू आहे हो, अंगाने उंच झाली म्हणजे हाडं भरली असं नाही.

मी लातूरकडचा, आमच्याकडे ह्या कुत्र्यांना कारवानीच म्हणतात, केसाळ कानाची असली तर पश्मी, आणि तिकडे कर्नाटकात गेलं की हीच मुधोळ होते. माझ्या पहिल्या मादीला मी चौदाव्या महिन्यात लावलं, नर पण तिच्याच आईच्या पोटचा, कारण गावात सगळे म्हणायचे रक्त शुद्ध राहतं. सहा झाली, त्यातली तीन पिल्लं चार दिवसांत गेली, एक जन्मतःच अधू. ती मादी नंतर कधी पहिल्यासारखी भरलीच नाही. ते अजून मनातून जात नाही, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

२०१७ च्या श्वान प्रजनन नियमांतच लिहिलंय की मादी कमीत कमी दीड वर्षाची हवी, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचच्या वर नाही, आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. विकायची असतील तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद हवे असतील तर नर मादी दोन्ही नोंदलेले लागतात. पण कागद म्हणजे चांगलं कुत्रं नव्हे, नराच्या घरी जा, त्याचे आईबाप, सख्खी भावंडं बघा, लाजरं आहे का अंगावर येतं ते बघा. लावायच्या आधी दोघांचीही ब्रुसेलाची रक्ततपासणी करा, तो रोग मादीचा गाभ पाडतो आणि माणसालाही होतो. आणि सिझर करायची वेळ आली तर डॉक्टरला आधीच सांगा की हे शिकारी जातीचं सडपातळ कुत्रं आहे, थायोपेंटलसारखी भूल यांना लवकर उतरत नाही.

आता खेळ. ससा धरायला सोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आजोबा करायचे हे कारण चालत नाही, मी पण सोडलंय. पण हे कुत्रं वासावर नाही, नजरेवर पळतं, समोर काहीतरी हललं की झालं! त्याच्यावरच लुअर कोर्सिंगचा खेळ उभा आहे, दोरीला पांढरी प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, मोटर दोरी ओढते आणि पुलीवरून वळणं घेत पिशवी पळते, ससा वळतो तशी. मोटर नसली तरी अडत नाही. मी एक लांब बांबू, टोकाला दोरी आणि जुन्या धोतराची चिंधी एवढ्यावर सुरू केलं, रोज पाच मिनिटं, आणि शेवटी चिंधी तिला धरू द्यायचीच, कधीच हाती लागली नाही तर कुत्रं नाद सोडतं. तुमच्या मादीला सध्या एवढंच पुरे, वर्ष दीड वर्षापर्यंत फुल स्पीडची वळणं नकोत.

रान बघून सोडा. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, माझ्या ओळखीतल्या एका कुत्र्याचा पुढचा पाय तिथेच अडकून मोडला. पहाटेच पळवायचं, उपाशीपोटी, नंतर दम पूर्ण उतरल्याशिवाय खायला नाही, ह्यांची छाती खोल असते आणि भरल्या पोटी पळवलं तर पोटाला पीळ पडून काही तासांत हातचं कुत्रं जाऊ शकतं. घरी आलं की पंजे उघडून बघा, नखाच्या बुडाला रक्त, बोटांमध्ये दोरीचा काचा, हे लांबून दिसत नाही.

दोन वर्षांची होईपर्यंत अशी पळाली, न लंगडता, वळणावर न कचरता, घरी आल्यावर पोरांबाळांत शांत राहिली, तर मग नर शोधायला लागा. आणि तेव्हाही आधी पाच सहा घरं ठरवा जिथे पिल्लांना पळायला रान आहे. घरं मिळाली नाहीत तर तो माज (नराला लावायचा काळ) तसाच जाऊ द्या.