विशेषनामापुढे ‘द’ कधी?

प्रश्न : विशेषनामापुढे ‘द’ लावू नये, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात मात्र ‘द गंगा’ आणि ‘द हिमालयाज’ असे छापले आहे आणि त्याच पानावर ‘माउंट एव्हरेस्ट’च्या आधी काहीच नाही. यात चूक कोणाची? (एक पालक, सातारा)

उत्तर : चूक कोणाचीच नाही; आपल्याला शिकवलेला नियम तेवढा अर्धाच होता. माणसे, गावे आणि बहुतेक देश यांच्या नावांपुढे उपपद येत नाही, हे खरे. परंतु नद्या, समुद्र, पर्वतरांगा आणि द्वीपसमूह यांच्या नावांपुढे इंग्रजी ‘द’ हमखास लावते, तर एकटे शिखर, एकटे बेट आणि बहुतेक सरोवरे यांना त्यापासून सूट देते. म्हणून ‘द सह्याद्रीज’ म्हणायचे, पण कळसूबाई शिखर नुसतेच राहते. ‘द अंदमान्स’ म्हणायचे, पण श्रीलंका नुसती. नावाचे रूपच अनेकवचनी असेल, तर देशालाही ‘द’ चिकटतो, जसे ‘द नेदरलँड्स’ किंवा ‘द फिलिपीन्स’. संस्थांच्या बाबतीत शब्दांचा क्रम पाहावा : ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ला उपपद नाही, पण तेच नाव ‘ऑफ’ घालून उलटे लिहिले की ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ होते. एवढे करूनही ‘द हेग’सारखे एखादे शहर नियमाबाहेर उरते आणि ते पाठच करावे लागते. इंग्रजांनी लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत ‘द कोकण’ दिसते, तेही चुकीचे नाही. प्रदेशांच्या नावांना उपपद लावण्याची ती रीत ‘द डेक्कन’मध्ये अजून टिकून आहे.

प्रश्न : शहराचे नाव मुंबई झाले, तरी इंग्रजी अर्जात ‘बॉम्बे हायकोर्ट’ लिहावे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय. विशेषनाम व्याकरणाने ठरत नाही, ज्याचे नाव त्याच्या नोंदीने ठरते. शहराचे इंग्रजी नाव १९९५ साली बदलले आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठानेही आपले नाव बदलून घेतले. परंतु १८६२ पासून चालत आलेल्या न्यायालयाचे नाव बदलायचे तर संसदेला कायदा करावा लागतो आणि तो अद्याप झालेला नाही. मराठीत ‘मुंबई उच्च न्यायालय’ आणि इंग्रजीत ‘बॉम्बे हायकोर्ट’ ही जोडी म्हणूनच योग्य आहे. याच न्यायाने पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे स्पेलिंग दोन ‘एस’ घालूनच लिहावे, कारण ज्या गव्हर्नरांचे नाव त्याला दिले, ते आपले आडनाव तसेच लिहीत. संगणकाने त्याखाली लाल रेघ ओढली, तरी एक ‘एस’ गाळू नये.

प्रश्न : लग्नपत्रिकेत ‘पाटील कुटुंबीय’ या अर्थाने इंग्रजीत आडनावाला अपॉस्ट्रॉफी देऊन ‘एस’ जोडतात. ते बरोबर आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही, आणि ही चूक छापखान्यांनी इतकी रुजवली आहे की बरोबर लिहिलेली पत्रिकाच लोकांना चुकीची वाटते. अपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’ ही षष्ठीची खूण आहे. तिच्यामुळे ‘पाटील मंडळी’ असा अर्थ न होता ‘पाटलाचे’ असा होतो. अनेकवचनाला नुसता ‘एस’ पुरतो : ‘द पाटील्स’. मराठीत प्रत्यय लागताच ‘पाटील’चे ‘पाटलांनी’ होते, म्हणजे नावच आतून वाकते. इंग्रजीत आडनावाचे मूळ स्पेलिंग मोडत नाहीत. त्यामुळे ‘रेड्डी’च्या शेवटचा ‘वाय’ही कायम ठेवून पुढे ‘एस’ लावतात, एरवी सामान्यनामात त्या ‘वाय’चा ‘आय-ई’ होतो तसे करत नाहीत.

प्रश्न : महिन्यांना कॅपिटल अक्षर, मग ऋतूंना का नाही? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : इंग्रजी वार आणि महिने यांना विशेषनामे मानते, ऋतूंना मानत नाही. कारण शोधत बसू नये. ‘मे’ला कॅपिटल द्यावे, ‘समर’ला देऊ नये, मात्र वाक्याची सुरुवातच ‘समर’ने झाली, तर अर्थातच द्यावे.