रोजची ५ मिग्रॅ टॅडालाफिल आणि घरातलं सॉर्बिट्रेट

भाऊ, बीपीची गोळी चालू असताना डॉक्टरांनी ताठरतेच्या तक्रारीसाठी रोज ५ मिग्रॅ टॅडालाफिल लिहून दिली आहे, आणि २० ची गोळी चार तुकडे करून घेतली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. तुकडे करू नका. एवढ्याशा गोळीचे घरच्या सुरीने चार सारखे भाग होत नाहीत, डोस रोज कमीजास्त होतो. ५ चीच मागा.

या औषधाचं अर्धं प्रमाण उतरायला साडेसतरा तास लागतात. म्हणजे आजची गोळी पुरती उतरायच्या आत उद्याची पडते. पाच दिवसांत पातळी स्थिरावते, ती एका गोळीच्या साधारण दीडपट असते. त्यामुळे दोन दिवसांत 'फरक नाही' म्हणून दुसरी गोळी घेऊ नका. वेळ एकच ठेवा, जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

खरा धोका इथेच आहे. औषध चोवीस तास अंगात, म्हणून नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटसारखी छातीत दुखण्यावरची औषधं, कुठल्याच वेळी चालत नाहीत. आपल्याकडे छातीत दुखलं की शेजारचे काका धावत येऊन जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. टॅडालाफिलवर ते पडलं तर बीपी एकदम कोसळतं, जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर निदान ४८ तास नायट्रेट नको. निकोरँडिल या हृदयाच्या गोळीचंही तेच. लाज बाजूला ठेवून वहिनींना सांगा, पाकिटात चिठ्ठी ठेवा, आणि छातीत दुखलं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, बुरशीसाठी इट्राकोनॅझोल किंवा जंतुसंसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, डोस २.५ वर आणावा लागू शकतो. किडनी फार कमजोर असेल तर रोजचा डोस देतच नाहीत, म्हणून क्रिएटिनिन बघून घ्या. सोबत शुगर आणि लिपिडही, कारण ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. आपली संत्री बिनधास्त खा, ग्रेपफ्रूट मात्र टाळा.

मे महिन्यात ४५ अंशांत पाणी कमी पडलं की उठताना चक्कर येते. त्यात दारू नकोच. या गोळीने डोकेदुखी, पाठदुखी, आम्लपित्त होतं. सावजी खाल्ल्यावर जळजळ वाढली तर दोष एकट्या रश्श्याचा नसतो.

अचानक दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं, किंवा ताठरता चार तासांवर टिकली, तर गोळी बंद आणि थेट मेडिकल किंवा मेयो या आपल्या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांची कॅज्युअल्टी, रात्रीचे दोन वाजले असले तरी.